स्नायूला पाप-पुण्य कळत नाही

मधुमेह असलेल्या माणसाला लोक ठरलेले दोन प्रश्न विचारतात. साखर किती आहे, आणि चालायला जाता का. पहिल्या प्रश्नात काळजी असते, दुसऱ्यात बहुतेक वेळा उलटतपासणी. ‘जाते’ म्हटलं की ‘रोज?’, ‘रोज’ म्हटलं की ‘किती वेळ?’, आणि सगळं सांगून झालं की, ‘मग तरी कशी गं वाढली?’ माझी मावशी हा शेवटचा प्रश्न इतक्या निरागसपणे विचारते, की क्षणभर मलाच वाटतं, आपण चालायला म्हणून बाहेर पडतो आणि वाटेत कुठेतरी बसून परत येतो की काय!

थायरॉइडची गोळी घेणाऱ्याला कुणी असं खोदून विचारत नाही. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून कुणाला खजील व्हावं लागत नाही. मधुमेहामागे मात्र लोक गुन्हा शोधतात. खाल्लं असेल, लोळली असेल, दुर्लक्ष केलं असेल. गुन्हा ठरला की शिक्षाही ओघाने आली, आणि ती शिक्षा म्हणजे व्यायाम. तशी आपली व्यायामाशी पहिली ओळखही अनेकदा अशीच झालेली असते. शाळेत दंगा केला की मैदानाला फेऱ्या मारायच्या. पुढे पन्नाशीत डॉक्टर त्याच फेऱ्या औषध म्हणून लिहून देतात, तेव्हा मन आधी विचारतं, मी काय केलं?

मला टाइप दोनचा मधुमेह आहे, बरीच वर्षं झाली. या काळात व्यायामाबद्दल जे वाचलं, ऐकलं आणि स्वतःच्या बोटाला सुई टोचून पाहिलं, त्यातून एक गोष्ट पटत गेली. या व्यायामातला प्रायश्चित्ताचा भाग काढून टाकला, की मागे जे उरतं ते बरंच सोपं असतं आणि खरं सांगायचं तर जास्त मजेचं.

प्रायश्चित्ताची कल्पना मात्र फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या, म्हणजे ज्यांत मधुमेहही येतो अशा लघवीच्या विकारांच्या, उपचारांचा स्वतंत्र अध्याय आहे. रोग बळावलेल्यांना तिथे व्यायाम, कुस्ती, खेळ, हत्ती-घोड्यांवरची रपेट असं सांगितलंय. इथवर ठीक. पुढे येतो तो निर्धन, आप्त नसलेला रुग्ण. त्याने पायात काही घालू नये, डोक्यावर छत्री धरू नये, भिक्षा मागून खावं, एका गावात एकच रात्र काढावी आणि मुनीसारखं संयमाने राहून शंभर योजनं किंवा त्याहूनही जास्त चालावं. योजन म्हणजे नेमकं किती यावर मतभेद आहेत, पण हात आखडून हिशोब केला तरी हे शेकडो किलोमीटर होतात. श्रीमंताने रानातलं धान्य आणि फळं खाऊन हरणांच्या संगतीत राहावं. इतरांनी सतत नांगर धरावा, नाहीतर विहीर खणावी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. हे प्रिस्क्रिप्शन आहे की हद्दपारीचा हुकूम? (त्यातला अनवाणी चालण्याचा भाग तर आजचा कुठलाही डॉक्टर लाल शाईने खोडेल. त्याच्याकडे नंतर येते.)

पण दुसऱ्यांदा वाचताना हसू कमी झालं. रक्तातली साखर मोजायचं साधन नाही, इन्शुलिन नावाचं काही असतं याची कल्पना नाही, लघवीला मुंग्या लागतात एवढी खूण हाताशी. आणि तरीही या माणसांनी ओळखलं होतं, की भरपूर हालचाल केली की हा रोग नमतो. त्यांनी आणखीही एक बारीक गोष्ट टिपली होती. विहिरी खणायचा सल्ला देऊन झाल्यावर लगेच तिथे म्हटलंय, की कृश रुग्णाला मात्र सतत जपावं. म्हणजे सगळ्यांना एकाच मापाने राबवायचं नाही. हे वाक्य मला पुढे माझ्या भाचीच्या संदर्भात फार वेळा आठवलं.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये आपोलिनेर बुशार्दा नावाचा डॉक्टर होता. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, अन्न मिळेनासं झालं, आणि त्याच्या लक्षात आलं, की काही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी होते आहे. तो मोजून खायला लावायचा आणि अंगमेहनतीचा आग्रह धरायचा. विसाव्या शतकात बॉस्टनमध्ये डॉ. एलियट जॉस्लिन आले. आहार, इन्शुलिन आणि व्यायाम या तिन्हींवर त्यांचा सारखाच भर. शिस्तीचे इतके भोक्ते, की मधुमेहासह दीर्घकाळ नीट जगणाऱ्या रुग्णांना पदकं देण्याची प्रथा त्यांनी सुरू केली. हेतू चांगलाच होता, आणि पदक मिळालेल्याला आनंदही होत असणार. पण पदक आलं की पदक न मिळालेलेही आले. रुग्णांची गुणी आणि अवगुणी अशी वाटणी होते ती इथे, आणि दवाखान्यातल्या बाकावर रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ती आजही दिसते. निकालाच्या दिवशी मुलं बसतात ना, अगदी तसे बसतो आम्ही सगळे.

मला सुटका मिळाली ती स्नायूच्या आत काय घडतं ते वाचून.

जेवणानंतर रक्तात साखर येते. इन्शुलिनच्या हुकमाने ती रक्तातून उचलली जाते, आणि उचलणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा स्नायूंचा असतो. प्रयोगशाळेत शिरेतून इन्शुलिन आणि ग्लुकोज देऊन मोजलं तेव्हा तो सुमारे ८० टक्के भरला. स्नायूच्या पेशीत ग्लूट-फोर नावाची प्रथिनं असतात. एरवी ती पेशीच्या आत पडून असतात. इन्शुलिन येऊन पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला चिकटलं, की आत निरोपांची साखळी सुरू होते, ही प्रथिनं पृष्ठभागावर येतात आणि त्यांच्यातून साखर आत शिरते. टाइप दोनमध्ये बिघडते ती ही निरोपांची साखळी. इन्शुलिन असतं, कधी कधी गरजेपेक्षा जास्तही असतं, पण त्याचं ऐकलं जात नाही.

आता गंमत अशी, की स्नायू आकुंचन पावतो तेव्हा हीच प्रथिनं इन्शुलिनच्या त्या साखळीवाचून, वेगळ्याच वाटेने पृष्ठभागावर येतात. पुढच्या दाराचं कुलूप गंजलं म्हणून माणूस मागच्या दाराने घरात जातो, तसंच. आणि ही मागची वाट टाइप दोनच्या रुग्णांत मोठ्या प्रमाणात शाबूत असते. चालणाऱ्या पायाची पोटरी साखर ओढून घेते, तेव्हा तो पाय कुणाचा आहे, त्या बाईने काल काय खाल्लं, तिचं वजन किती, ती आळशी की उद्योगी, यातलं काहीही तिला ठाऊक नसतं. तिला काम करायला ऊर्जा हवी असते, ती समोर रक्तात असते, ती घेते.

हे वाचल्यावर माझं चालणं बदललं. वेग बिग नाही वाढला. डोक्यातली वटवट थांबली.

कारण त्याआधी मीही फेडण्याच्या हिशोबाने चालत असे. जास्त जेवण झालं, चला, दोन फेऱ्या वाढवू. या हिशोबात माणूस कायम तोट्यात राहतो. अर्धा तास झपझप चाललं तर साधारण सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात, आणि तेवढ्या खायला दोन मिनिटंही लागत नाहीत. वजनाच्या काट्याकडे बघून व्यायाम करणारे महिन्याभरात का कंटाळतात, हे त्यात आलं. काटा हलत नाही, मग चालून काय मिळालं? पण साखरेच्या बाबतीत काटा हा साक्षीदारच चुकीचा आहे. २००१ साली टाइप दोनच्या रुग्णांवरचे १४ प्रयोग एकत्र करून तपासले गेले. व्यायाम करणाऱ्यांची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, न करणाऱ्यांपेक्षा ०.६६ने कमी निघाला. वजनात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. वजन जागच्या जागी आणि साखर खाली. पाऊण टक्क्याच्या आसपासचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो; मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणामही एवढाच असतो.

गोळीसारखंच आणखी एका बाबतीत आहे. या औषधाचा असर उतरतो. व्यायामानंतर स्नायू इन्शुलिनला जास्त दाद देतात, पण ती दाद एक ते तीन दिवसांत ओसरते. म्हणून तर सांगतात, की आठवड्यात किमान १५० मिनिटं मध्यम वेगाचा व्यायाम करा आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका. पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो. दुसरा कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि माझ्या मते महत्त्वाचा तोच. रविवारी डोंगर चढून आलेला माणूस शुक्रवारी त्या डोंगराच्या जिवावर जगू शकत नाही. उलट बाजूही तेवढीच झटपट आहे. धडधाकट, मधुमेह नसलेल्या माणसांना पाच दिवस सक्तीने अंथरुणात ठेवलं, तर तेवढ्यातही त्यांच्या शरीराची इन्शुलिनला दाद कमी झाल्याचं आढळलंय.

सुरुवातीला मला याचं वाईट वाटायचं. म्हणजे साठवता येतच नाही का काही? इतकी वर्षं चालले त्याचं खात्यावर काहीच नाही? (काही आहे, स्नायू, हृदय, दम यांची कमाई हळूहळू साठते. मी बोलतेय ते साखरेपुरतं.) मग कधीतरी दुसरी बाजू दिसली. पुण्य साठत नसेल तर पापही साठत नाही. लग्नकार्य, आजारपण, प्रवास यांत आठवडा वाया गेला, तरी पुन्हा सुरू केल्यावर पहिल्याच दिवशी पोटरी तिचं काम करते. मागची थकबाकी मागत नाही.

दहा हजार पावलांबद्दल थोडं, कारण हल्ली मनगटावरचं घड्याळही उलटतपासणी घेतं. हा आकडा कुठल्याही वैद्यकीय प्रयोगातून आलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते, आणि आकडा गोल असल्यामुळे टिकला. चालणाऱ्यांनी खुशाल चालावीत. पण रात्री अकरा वाजता उरलेली आठशे पावलं पूर्ण करायला खोलीत येरझाऱ्या घालणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर आरोग्य दिसत नाही.

मला त्यापेक्षा कामाची वाटली ती वेळेची गोष्ट. न्यूझीलंडमध्ये टाइप दोनच्या ४१ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. काही दिवस त्यांना सांगितलं, रोज ३० मिनिटं चाला, कधीही चाला. काही दिवस सांगितलं, प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चाला. एकूण वेळ तेवढाच. जेवणानंतर चाललेल्या दिवसांत जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. कारण सरळ आहे. साखर रक्तात यायला आणि स्नायूंची मागणी सुरू व्हायला एकच गाठ पडते.

मी हे स्वतःवर करून पाहिलं. एकसारखं जेवण, एकदा नंतर बसून राहायचं, एकदा चालायचं, आणि दोन्ही वेळा ठरावीक वेळाने पट्टीवर थेंब. आकडे सांगत नाही, कारण प्रत्येकाचे वेगळे येतात आणि त्यांची तुलना सुरू झाली की पुन्हा पदकं आलीच. पण फरक असा होता, की त्या दिवसापासून रात्री जेवून उठल्यावर मी पातेली झाकायच्या आधी चपला घालते. ‘झाकपाक नंतर,’ असं मी जाहीर केलं तेव्हा घरात थोडी शांतता पसरली होती. मग कुणीतरी उठून पातेली झाकली. व्यायामाचा हा लाभ कुठल्याच प्रयोगात मोजलेला नाही.

बसून काम करणाऱ्यांसाठी आणखी एक. दर अर्ध्या तासाने उठून तीन मिनिटं हळू चाललं, किंवा टाचा उचलणं, अर्ध्या उठाबशा असं काही केलं, तरी जेवणानंतरची साखर कमी राहते, असं ऑस्ट्रेलियातल्या टाइप दोनच्या रुग्णांवरच्या प्रयोगात दिसलं. ऑफिसात टाचा उचलताना लोक बघतात. बघू द्यावं.

सगळं असं सुतासारखं सरळ चालत नाही. एकदा लिफ्ट बंद होती म्हणून मी सामानासकट बरेच मजले धापा टाकत चढले. वर पोचल्यावर कौतुकाने साखर तपासली, तर निघतानाच्या १३२च्या जागी १७१! यंत्र बिघडलं म्हणून पुन्हा टोचलं. तेच. डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “जोराचा श्रम झाला की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. स्नायू वापरतात त्याहून ती जास्त असली की आकडा वर जातो. थोड्या वेळाने पाहिलं असतंत तर उतरलेला दिसला असता.” म्हणजे शरीराने संकट ओळखून रसद पाठवली होती, आणि मी तिला गुणपत्रिका समजून बसले होते. मावशीच्या ‘मग तरी कशी वाढली’चं एक उत्तर मला तेव्हा मिळालं. तिला समजावून सांगितलं, तर म्हणाली, “मग जिने चढू नकोस.”

आता भाचीबद्दल. तिला शाळेत असतानाच टाइप एक झाला. टाइप एकमध्ये शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यात खाण्यापिण्याचा, आळसाचा काही संबंध नसतो. तरीही त्या वयात तिलाही ‘खेळत जा, पळत जा, बरं होईल’ असं सांगणारे भेटलेच. ती बास्केटबॉल खेळायची. अडचण होती ती खेळून झाल्यावर काय होतं याची.

आपण पळायला लागलो की मधुमेह नसलेलं शरीर आपोआप इन्शुलिन कमी सोडतं. टोचलेल्या इन्शुलिनला हे कळत नाही. ते एकदा आत गेलं की गेलं, परत बोलावता येत नाही. शिवाय ज्या मांडीत टोचलं तिनेच पळायला सुरुवात केली, तर ते आणखी लवकर रक्तात उतरतं. लंडनच्या डॉ. आर. डी. लॉरेन्स यांनी १९२६ सालीच दाखवून दिलं होतं, की व्यायामाने इन्शुलिनचा परिणाम वाढतो. त्यांना स्वतःला मधुमेह होता, त्यामुळे त्यांना ते पुस्तकाबाहेरूनही माहीत असावं. संध्याकाळच्या खेळाचा पडसाद मध्यरात्री उमटतो, कारण रिकामे झालेले स्नायू रात्रभर साखर भरून घेत असतात. माझ्या बहिणीने किती रात्री गजर लावून उठून पोरीच्या बोटाला सुई टोचली, ते तिलाच ठाऊक. ज्यांना चालणं म्हणजे फक्त चालणं वाटतं, त्यांनी असं एक घर बघून यावं.

भाचीला धीर द्यावा म्हणून मी तिला वसीम अक्रमचं सांगितलं. १९९७ साली, ऐन कारकिर्दीत त्याला टाइप एक असल्याचं निदान झालं. तरी तो खेळत राहिला आणि २००३च्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांत ५०० बळी घेणारा पहिला गोलंदाज ठरला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मावशी, मला पाचशे विकेट नाही घ्यायच्या. मला फक्त दुसऱ्या हाफमध्ये बाहेर बसायचं नाहीये.” तेव्हापासून मी तिला प्रेरणादायी गोष्टी सांगणं बंद केलंय. तिने आपल्या डॉक्टरांशी बोलून खेळाच्या दिवशीचा इन्शुलिनचा डोस कमी करायचं गणित बसवलं, दंडावर साखर मोजत राहणारा सेन्सर आला, खेळाआधी साखर ९०च्या खाली दिसली तर काहीतरी खाऊनच मैदानात उतरायचं ठरलं, आणि २५०च्या वर असली तर आधी कीटोन (इन्शुलिन अपुरं पडलं की शरीर चरबी जाळतं, तेव्हा तयार होणारे पदार्थ) तपासायचे, ते असतील तर त्या दिवशी खेळ नाही. कृश रुग्णाला जपावं, असं सुश्रुताने म्हटलं त्यात मला हे सगळं दिसतं. जपणं म्हणजे घरात बसवणं, असा अर्थ मात्र आमच्या घरात सुरुवातीला काही मंडळींनी काढला होता.

वजन उचलण्याकडे मी फार उशिरा वळले, आणि आता त्याचीच सगळ्यांत जास्त भलामण करते. साधा विचार आहे. साखर उचलणारे स्नायू आहेत, आणि चाळिशीनंतर ते दर दशकात काही टक्क्यांनी झिजतात. मग नुसतं चालून भागणार कसं? २००७ साली कॅनडातल्या एका मोठ्या प्रयोगात टाइप दोनच्या रुग्णांचे गट केले; काहींनी दम वाढवणारा व्यायाम केला, काहींनी वजनं उचलली, काहींनी दोन्ही. साखर दोन्ही प्रकारांनी उतरली, पण सर्वांत जास्त उतरली ती दोन्ही करणाऱ्यांची. आठवड्यातून दोन-तीनदा, मधे एक दिवस सोडून, एवढं पुरतं. रबरी पट्टा, भरलेली पाण्याची बाटली, भिंतीला हात टेकून मारलेले जोर, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं. पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या दुखल्या, की बसताना तोंडातून आवाज निघायचा. पण या व्यायामात एक सुख आहे जे चालण्यात नाही. आज जे उचललं जात नाही ते दोन महिन्यांनी उचललं जातं. मधुमेहात बाकी सगळं टिकवून धरण्यासाठी चाललेलं असतं. इथे काहीतरी वाढताना दिसतं, आणि आमच्यासारख्यांना हे फार क्वचित वाट्याला येतं.

पावलांचं राहिलं. बरीच वर्षं साखर चढी राहिली की तळपायाच्या नसा बधिर होतात. बुटात खडा गेलेला कळत नाही, फोड आलेला दिसत नाही, आणि जखम चिघळल्यावर पाय धोक्यात येतो. म्हणून बूट घालण्याआधी झटकायचे, आत हात घालून बघायचं, मोजे घालायचे आणि रोज तळवे तपासायचे. स्वतःला दिसत नसतील तर आरसा धरून. संवेदना गेली असेल तर अनवाणी चालू नये, मग सुश्रुत काहीही म्हणोत. डोळ्यांच्या पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या असतील तर श्वास रोखून जड वजन उचलणं आणि डोकं खाली करायची आसनं टाळायची. मधुमेहात हृदयविकाराची कळ नेहमीसारखी येईलच असं नाही, तेव्हा एकदम जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. बीटा ब्लॉकर गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर साखर खाली गेल्यावरची थरथर आणि धडधड जाणवत नाही. घाम मात्र येतो, त्यावर लक्ष ठेवायचं. हे सगळं कंटाळवाणं आहे, आणि करायचं आहे.

मग व्यायामाने मधुमेह जातो का? हे विचारणाऱ्याचे डोळे मला ओळखता येतात, मीही कधी तसंच विचारलं होतं. होण्याआधी तो टाळता येतो, याचा पुरावा भक्कम आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांपैकी ज्यांनी आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करून वजन थोडं उतरवलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, तर मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. झाल्यानंतरची कथा एवढी झळाळती नाही. अमेरिकेतच ‘लुक अहेड’ नावाचा अभ्यास झाला, पाच हजारांहून जास्त रुग्ण, काटेकोर आहार आणि व्यायाम, कित्येक वर्षं. हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू कमी होतील अशी अपेक्षा होती. तसा फरक पडेना, म्हणून २०१२ साली तो थांबवण्यात आला. वर्तमानपत्रांना एवढंच पुरेसं होतं. पण त्याच अभ्यासात व्यायाम करणाऱ्यांना औषधं कमी लागली, मूत्रपिंडाचे गंभीर विकार कमी झाले, झोपेतला श्वास सुधारला, आणि वाढत्या वयातही त्यांचं चालणं-फिरणं, जिने चढणं इतरांपेक्षा चांगलं टिकलं. मला विचाराल तर स्वतःच्या पायांनी जिना चढता येणं हे काही उरलंसुरलं बक्षीस नाही.

गेल्या वेळी माझी तीन महिन्यांची साखर वाढलेली निघाली. चालण्यात खंड नव्हता, वजनं चालू होती, जेवणही तेच. मी मनातल्या मनात सफाई तयार करत होते, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, “तुम्ही काही केलेलं नाही. स्वादुपिंड थकतंय.” मग त्यांनी ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं. १९७७ साली सुरू झाला, १९९८ साली निष्कर्ष आले. टाइप दोनचं निदान होतं त्या दिवशीच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींची ताकद जवळपास निम्म्यावर आलेली असते, आणि पुढे कुठलंही औषध दिलं तरी ती वर्षागणिक उतरत जाते, असं त्यातून दिसलं होतं. “व्यायाम केला नसता तर ही गोळी तुम्हाला आधीच लागली असती,” असं म्हणत त्यांनी ग्लिमेपिराइड लिहून दिली.

नुसत्या मेटफॉर्मिनवर असताना साखर फार खाली जायची भीती जवळजवळ नसते. ही नवी गोळी वेगळी आहे. ती स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो नसो. तेव्हा आता जेवण लांबवायचं नाही. उपाशीपोटी चालायचं नाही. हात थरथरले, घाम फुटला, तर थांबून साखर बघायची. ७०च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडात टाकायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं.

“ग्लुकोजच्या गोळ्या कायम खिशात ठेवा,” डॉक्टर म्हणाले.

माझ्या चालायच्या कपड्यांपैकी एकालाही खिसा नाही. सध्या कमरेला बांधायची एखादी लहानशी पिशवी शोधतेय. ती चालताना उड्या मारत नाही अशी कुणाच्या पाहण्यात असेल तर सांगा.